पूर्णाकाठच्या विहिरी आणि खडकांतील काळाचा खंड

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे दोन भाग लोकव्यवहारात फार पूर्वीपासून रूढ आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगावराजा, सिंदखेडराजा हे घाटावरचे तालुके. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. मोताळा घाटाच्या कुशीत. सोयरीक जुळविताना आणि बदलीचा अर्ज करताना हा भेद आवर्जून लक्षात घेतला जातो, आणि त्यामागे बहुधा पाण्याचाच विचार असतो. घाटावर विहिरीला पाणी बेताचेच लागते, परंतु जे लागते ते गोड असते. घाटाखाली, विशेषतः पूर्णेच्या दोन्ही काठांवर, जमीन सपाट, काळी आणि खोल. तेथे पाणी लागूनही ते पिववत नाही. हा खारपाणपट्टा बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. असे का व्हावे, याचे उत्तर शोधावयाचे तर जमिनीच्या पृष्ठभागावर हिंडून भागत नाही. जमिनीचा उभा छेद पाहावा लागतो.

घाटाच्या पायथ्याशी, जेथे गाळाची जाडी अद्याप फार वाढलेली नाही अशा गावी विंधण विहीर घेतली जात असता बाहेर पडणाऱ्या मातीकडे लक्ष दिले, तर एक क्रम दिसून येतो. प्रथम काळी माती, मग पिवळसर चिकण माती, तिच्यात चुनखड्यांचे पांढरे खडे, मधूनमधून वाळू आणि गोटे. हे सर्व नदीने आणून टाकलेले. त्यानंतर मुरूम लागतो आणि मुरुमाखाली काळा कठीण पाषाण. यंत्राचा आवाज बदलतो, विंधणाची गती मंदावते आणि ठेकेदार दर बदलून मागतो. गावकऱ्यांच्या लेखी या घटनेचा अर्थ ‘खडक लागला’ एवढाच असतो. वस्तुतः तेथे विंधणाच्या पात्याने हातभर अंतरात सहा कोटींहून अधिक वर्षे ओलांडलेली असतात. खालचा काळा पाषाण हा दख्खन ट्रॅपचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट खडक; त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे. वरचा गाळ चतुर्थक कालखंडातील, म्हणजे गेल्या सुमारे २६ लाख वर्षांतील. या दोहोंच्या दरम्यान जो अवाढव्य काळ गेला, त्याचा एकही थर तेथे शिल्लक नाही. भूविज्ञानात अशा सांध्याला ‘विसंगती’ अशी संज्ञा आहे.

हा शब्द ऐकताच काहीतरी चूक किंवा विरोध असल्याचा भास होतो. तसे येथे काही नाही. ग्रामपंचायतीच्या इतिवृत्ताच्या पुस्तकाची उपमा घेतल्यास अर्थ स्पष्ट होईल. एखाद्या जुन्या पुस्तकात १९६२ च्या सभेचे इतिवृत्त आहे आणि लगेच पुढच्या पानावर १९७८ च्या सभेचे. मधल्या सोळा वर्षांचे काय झाले? दोन गोष्टी संभवतात. एक तर त्या काळात सभाच भरल्या नाहीत, म्हणून काही लिहिले गेले नाही. किंवा सभा भरल्या, इतिवृत्त लिहिले गेले आणि पुढे ती पाने कोणीतरी फाडली. खडकांतही नेमक्या याच दोन शक्यता असतात. कित्येकदा दीर्घकाळ गाळ साचण्याचेच थांबते. कित्येकदा साचलेले थर उघडे पडून ऊन, पाऊस आणि वाहते पाणी यांनी झिजून जातात. बहुतेक मोठ्या विसंगतींत या दोन्ही क्रिया घडलेल्या असतात आणि किती पाने फाटली व किती मुळात लिहिलीच गेली नाहीत, याचा निवाडा आसपासच्या प्रदेशांतील खडकांशी ताडून पाहूनच करावा लागतो.

गाळाचे खडक तयार होण्याची रीत सर्वपरिचित आहे. नदी, सरोवर किंवा समुद्र यांच्या तळाशी वाळू, चिखल, चुना असे थरावर थर आडवे साचत जातात. खालचे आधीचे, वरचे नंतरचे. वरच्या भाराने आणि पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांच्या बंधनाने ते घट्ट होतात. पुढे भूकवचाच्या हालचालींनी तो प्रदेश वर उचलला जातो. उचलताना थर कधी सपाट राहतात, कधी कलतात, कधी त्यांना घड्या पडतात. उचललेला भाग झिजू लागतो. डोंगर उतरतात, दऱ्या रुंदावतात, वरचे थर नाहीसे होतात आणि कालांतराने एक झिजलेला पृष्ठभाग उरतो. तो पुन्हा खचला किंवा पाण्याखाली गेला की त्यावर नव्याने गाळ साचू लागतो. जुना झिजलेला पृष्ठभाग आणि नवा गाळ यांच्यामधील सीमा म्हणजे विसंगती. साचणे, उचलले जाणे, झिजणे, खचणे आणि पुन्हा साचणे अशी ही पाच अंकांची हकीकत असून तिचे मधले तीन अंक पडद्याआड घडतात. खडकांत साक्ष उरते ती पहिल्या आणि अखेरच्या अंकाची.

ही गोष्ट जगाला प्रथम नीट पटवून दिली ती जेम्स हटन या स्कॉटिश अभ्यासकाने. १७८८ साली जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल यांना बरोबर घेऊन तो नावेतून स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सिकार पॉइंट येथे गेला. तेथे खालचे करडे थर जवळजवळ उभे ठाकलेले आहेत आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कललेले पसरले आहेत. उभे थर प्रथम आडवे साचले, मग उभे झाले, मग झिजले, आणि त्यानंतर वरचे थर साचले, याखेरीज त्या दृश्याचा दुसरा अर्थ लागत नाही. पृथ्वीचे वय काही सहस्र वर्षांचे मानणाऱ्या त्या काळच्या युरोपला हा मोठा धक्का होता. सिकार पॉइंट येथील खंड आजच्या मोजमापाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा ठरतो. योगायोगाची गोष्ट अशी की, घाटाखालच्या विंधण विहिरीत ओलांडला जाणारा खंडही जवळपास तेवढाच आहे. सिकार पॉइंट पाहावयास जगभरचे विद्यार्थी जातात. पूर्णाकाठचा सांधा मात्र जमिनीखाली दडलेला असल्याने त्याची कोणी वास्तपुस्त करीत नाही.

सर्वच विसंगती सिकार पॉइंटसारख्या उघड नसतात. खालचे थर कललेले आणि वरचे आडवे असतील तर त्यांच्यातील कोन सामान्य माणसालाही दिसतो. तिला कोनीय विसंगती म्हणतात. मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगाव-बागलकोट भागात कलादगीच्या खडकांत ती आढळते. तेथे खालच्या बागलकोट गटाच्या थरांना घड्या पडलेल्या असून त्यांवर बदामी गटाचे वालुकाश्म आडवे बसले आहेत. दुसऱ्या प्रकारात खाली थर नसलेला अग्निज किंवा रूपांतरित खडक असतो आणि त्याच्या झिजलेल्या पाठीवर गाळ बसतो. विदर्भात लॅमेटा थर काही ठिकाणी अतिप्राचीन पट्टिताश्मावर असे थेट बसलेले आहेत. लॅमेटा हे नाव जबलपूरजवळील नर्मदेच्या लॅमेटा घाटावरून आले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव येथे याच थरांत प्रचंड डायनोसॉरांची हाडे मिळाली. नागपुरात राहिलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या थरांचे, तसेच सीताबर्डीच्या टेकडीवर ट्रॅपच्या थरांमध्ये सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील शंखांचे बारकाईने वर्णन केले होते. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे तर पट्टिताश्म, गोंडवनी थर, लॅमेटा आणि ट्रॅप एकाच परिसरात पाहावयास मिळतात. यांपैकी पट्टिताश्म व गोंडवनी आणि गोंडवनी व लॅमेटा या जोड्यांच्या मध्ये कोट्यवधी वर्षांची रिकामी जागा आहे. शाळेच्या सहलीसाठी याहून चांगले स्थळ वऱ्हाडात क्वचितच असेल.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. खालचे थर आडवे, वरचेही आडवे. मध्ये कोन नाही, वरवर पाहता काहीच घडलेले नाही. अशी समांतर विसंगती ओळखावयाची ती बारीकसारीक खुणांवरून. खालच्या थराचा माथा खडबडीत, झिजलेला असतो. त्यावर जुन्या मातीचा अवशेष असतो. वरच्या थराच्या तळाशी खालच्याच खडकाचे घासून गुळगुळीत झालेले गोटे सापडतात. आणि अर्थातच दोहोंतील जीवाश्मांच्या वयांत मेळ नसतो. पूर्णेच्या खोऱ्यातील सांधा याच जातीचा म्हणावयास हवा. शुद्ध अर्थाने खालचा खडक गाळाचा नाही, लाव्ह्याचा आहे. परंतु लाव्ह्याचे थर आडवे, गाळाचे थरही आडवे, त्यामुळे डोळ्याची फसगत तशीच होते.

खुद्द लाव्ह्याच्या थरांमध्येही असे लहान खंड आहेत. दख्खनचा लाव्हा एका दिवसात वाहिला नाही. एक प्रवाह यावयाचा, थिजावयाचा, मग उसंत. त्या उसंतीत वरचा पृष्ठभाग कुजून त्याची माती व्हावयाची आणि पुढच्या तप्त प्रवाहाने ती भाजून निघावयाची. घाटरस्त्याच्या कापात काळ्या खडकांच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा मातकट पट्टा दिसला, तर तो बहुधा अशा उसंतीचा असतो. कोणी त्याला कुंभाराच्या भट्टीची जागा समजतात. भाजल्याची खूण ओळखण्यात त्यांची चूक नाही. फक्त भट्टी फार मोठी होती.

आता पूर्णेच्या खोऱ्याकडे वळावे. (बुलढाणा जिल्ह्याला पूर्णा दोन आहेत. खडकपूर्णा घाटावरून गोदावरीच्या दिशेने जाते. येथे अभिप्रेत आहे ती घाटाखालून पश्चिमेस वाहत तापीला मिळणारी पूर्णा.) लाव्ह्याचे प्रवाह थांबल्यानंतर हा सारा प्रदेश उघडा पडला. त्या दीर्घ काळात भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, आशियाला भिडला, हिमालय उभा राहिला. आणि इकडे ट्रॅपचा पठारी माथा पावसाने झिजत होता, त्यात दऱ्या कोरल्या जात होत्या. साचण्यास खोलगट जागा नसल्याने झिजलेली माती वाहून जात होती. म्हणजे इतिवृत्त लिहिले जात नव्हते आणि आधीची पानेही फाटत होती. पुढे उत्तरेस गाविलगडच्या पायथ्याशी भूकवच भंग पावून दक्षिणेकडील बाजू खचली. सातपुड्याची सरळ, भिंतीसारखी उभी कड संग्रामपूर किंवा जळगाव जामोद येथून दिसते, ती या प्रस्तरभंगाची साक्ष आहे. या खचलेल्या द्रोणात दोन्हीकडच्या डोंगरांचा गाळ येऊन पडू लागला. काठाकडे ही जाडी थोडी. मध्यभागी काही ठिकाणी ती ३०० मीटरांच्याही पलीकडे जाते. या गाळात काही ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला असून काही अभ्यासक त्याचा संबंध सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाशी जोडतात.

एवढे ध्यानात आले म्हणजे खाऱ्या पाण्याचा उलगडा बराचसा होतो. समुद्राचा फाटा कधीकाळी येथवर आला असावा, अशी एक कल्पना पूर्वी मांडली गेली होती. आज अधिक भर दिला जातो तो निचऱ्यावर. ट्रॅपच्या कठीण कडांनी वेढलेला द्रोण, त्यात बारीक कणांची, पाणी धरून ठेवणारी चिकण माती, वर्षाकाठी साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस आणि उन्हाळ्याचे कडक बाष्पीभवन. खडक कुजून सुटलेले क्षार पाण्याबरोबर गाळात उतरतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. आणि त्यांना धुऊन नेईल इतका जोराचा प्रवाह जमिनीखाली नाही. असे सहस्रावधी वर्षे चालले. इंग्रजी अमदानीच्या नोंदींत अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात मिठाच्या विहिरींचा उल्लेख आहे. विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढण्याचा धंदा तेथे चाले. ज्या भूमीने मिठागरे चालविली, तिच्याकडून पिण्याच्या पाण्याची अपेक्षा जपूनच करावयास हवी.

ही जपणूक व्यवहारात क्वचितच दिसते, आणि ग्रामपंचायतीचा पैसा वाया जातो तो येथेच. घाटावर, कठीण खडकात, वरचे पाणी आटल्यावर खालच्या भेगेत गोड पाणी मिळाल्याचे अनुभव आहेत. त्यावरून ‘खोल गेले की गोड लागते’ असा समज घाटाखालीही पसरला आहे. गाळाच्या पट्ट्यात तो लागू पडत नाही. खारपाणपट्ट्याच्या मध्यभागी खोलीबरोबर खारेपणा साधारणतः वाढत जातो. पावसाळ्यात मुरलेले गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर पातळ सायीसारखे तरंगते. उथळ विहिरीतून ते हळूहळू उपसले तर काही दिवस पुरते. मोठा पंप लावून एकदम ओढले, तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर कायमची बिघडू शकते. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्या-वाळूचा जो पट्टा आहे, त्याची गोष्ट वेगळी. तेथे पाणी मुरते, वाहते आणि गोड असते; मात्र उपशाचा ताणही तेथेच अधिक. सारांश, एकाच तालुक्यातील दोन गावांना, चार कोसांच्या अंतरात, एकच उपाय लागू होत नाही. आपले गाव द्रोणाच्या काठावर आहे की मध्यावर, आणि त्याच्याखाली ट्रॅपचा गाडला गेलेला माथा किती खोल आहे, हा प्रश्न निविदा काढण्यापूर्वीचा आहे, नंतरचा नव्हे.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून कार्यरत आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने खारपाणपट्ट्यातील जमिनी आणि पिके यांवर दीर्घकाळ संशोधन केले. वान धरणाचे पाणी नळयोजनेद्वारे या पट्ट्यातील गावांना देण्यात आले. २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील ९०० हून अधिक क्षारग्रस्त गावांचा समावेश करण्यात आला आणि शेततळ्यांना उत्तेजन मिळाले. या पट्ट्यात शेततळे ही सोयीची गोष्ट नव्हे, गरजेची आहे. आकाशातून पडलेले पाणी जमिनीतील क्षारांशी मिसळण्यापूर्वी अडविणे, हाच त्यामागील हेतू. खाऱ्या पाण्याने ओलीत केलेली काळी जमीन घट्ट होते, तिच्यातून पाणी झिरपेनासे होते आणि पीक पिवळे पडते. पिण्याच्या पाण्याबाबत तर मूत्रपिंडविकारांच्या संदर्भात या पट्ट्याचे नाव वारंवार घेतले गेले आहे.

घाटावरही विसंगतीचा एक अपूर्व नमुना आहे आणि तो लोणारचा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टमध्ये उल्कापाताने झाले. २०२० साली या सरोवराची रामसर यादीत नोंद झाल्यापासून पर्यटकांची ये-जा वाढली. पण येणाऱ्याची दृष्टी पाण्याच्या रंगावर आणि दैत्यसूदनाच्या मंदिरावर असते, काठाबाहेरील मातीवर नसते. आघाताने उडालेला दगडगोट्यांचा राडा विवराभोवती पसरून बसला. त्या राड्याखाली आघातापूर्वीची माती जागच्या जागी झाकली गेली आहे. ज्या जमिनीवर तेव्हा गवत उगवत असेल, तीच ती. तिच्याखाली ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, वर आघाताचा राडा. आघाताच्या वयाबद्दल एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आणि दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे दोन आकडे निघाले आहेत. कोणताही आकडा धरला तरी खालच्या खडकाशी तुलना करता तो कालपरवाचाच. विवराच्या आत, सरोवराच्या तळाशी, भंगलेल्या खडकावर सुमारे १०० मीटर जाडीचा गाळ साचलेला विंधणात आढळला. तोही एक सांधाच. आणि कडेवर काही ठिकाणी बेसाल्टचे थर उचलले जाऊन पार उलटे पडले आहेत. वरचा थर नेहमी नंतरचाच, हा नियम शिकविणाऱ्या शिक्षकाने त्याला अपवाद दाखविण्यासाठी विद्यार्थ्यांना येथे आणावे. मात्र काठाबाहेरील हा राडा मातीसारखा दिसतो, म्हणून तो भरावासाठी खणून नेला जातो किंवा नांगराखाली सपाट होतो. एकदा विस्कटला की त्याखालची झाकलेली माती वाचता येत नाही.

घाटाखाली जे जमिनीत दडले आहे, ते पाहण्याची संधी मिळते ती फक्त विहीर खणताना. तीन-चार दिवसांत विहीर बांधली जाते किंवा विंधण विहिरीत लोखंडी नळी उतरते आणि छेद झाकला जातो. त्या दिवसांत गावातील शिक्षकाने सातवी-आठवीच्या मुलांना नेऊन दर पाच फुटांवर निघालेली माती खोक्यांच्या कप्प्यांत ठेवावी, प्रत्येकीवर खोली लिहावी, चुनखड्यावर लिंबाचा रस टाकून बुडबुडे येतात का ते पाहावे, वाळूचा थर कोठे आला आणि पाणी कोणत्या थरात लागले याची नोंद करावी, त्या पाण्याची चव किंवा शक्य असल्यास क्षारांचे प्रमाण टिपावे, आणि मुरूम व काळा पाषाण लागला ती खोली तांबड्या शाईने लिहावी. ठेकेदाराच्या देयकावर केवळ एकूण खोली असते; थरांची नोंद असल्याशिवाय देयक मंजूर न करण्याचा ठराव ग्रामपंचायतीला करता येतो. अशा वीस-पंचवीस विहिरींच्या तांबड्या आकड्यांचा एकत्र नकाशा काढला, तर गाडल्या गेलेल्या जुन्या भूमीच्या टेकड्या आणि दऱ्या कागदावर उमटू लागतात, आणि पुढची विहीर कोठे घेऊ नये हे त्यांवरून दाखविता येते.